शाल, श्रीफळ आणि दहिवंडीचे शब्बीरमामू

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट आपल्या बीडची आहे, पण ती सुरू होते निजामाच्या दरबारात.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथं मोठा माणूस कोण, हे निजाम ठरवायचा. मर्जीतल्या सरदारांना, अधिकाऱ्यांना ‘जंग’, ‘दौला’, ‘मुल्क’ असे किताब मिळायचे. पलीकडे इंग्रजांच्या मुलखातही तेच, फक्त नावं वेगळी : रावबहादूर, खानबहादूर. किताब मिळायचा तो दरबाराच्या उपयोगी पडणाऱ्याला. गुरं राखणाऱ्याला कोण विचारतो?

मग २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्यातलं कलम १८ सांगतं की, लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडले तर राज्य कुणालाही किताब देणार नाही. संपला विषय!

पण चांगल्या कामाचं कौतुक तर व्हायला हवं. म्हणून १९५४ मध्ये भारतरत्न आणि पद्मविभूषण सुरू झाले. पद्मविभूषणाचे तेव्हा तीन वर्ग होते : पहिला, दुसरा, तिसरा. जानेवारी १९५५ मध्ये ही नावं बदलली आणि तिसऱ्या वर्गाचं नाव झालं पद्मश्री.

‘मग हाही किताबच की!’ असं तुम्ही म्हणाल. अनेकांनी तसंच म्हटलं. जनता सरकारनं हे पुरस्कार बंद केले, ते १९८० मध्ये परत आले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९९५ मध्ये निकाल लागला : हे किताब नाहीत, पण नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. आता आपल्या चौकातले फ्लेक्स आठवा. ‘पद्मश्री अमुक-तमुक’ लिहिलेलं असतं ना? नियमानं तेच चालत नाही!

आता येऊ शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडी गावात. इथले शब्बीर सय्यद. लोक त्यांना शब्बीरमामू म्हणतात. गाई-बैल सांभाळायचा वारसा त्यांना वडिलांकडून मिळाला. कसायाकडे जाऊ शकणारी, म्हातारी, भाकड जनावरं ते आणि त्यांचं कुटुंब वर्षानुवर्षं सांभाळत आलंय. शेणखत विकून थोडेफार पैसे येतात. बैल शेतकऱ्याला कमी किमतीत देतात, पण कत्तलीसाठी विकायचा नाही, या बोलीवर.

२६ जानेवारी २०१९ च्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली. ११२ नावं, त्यातल्या ९४ पद्मश्री. त्यात शब्बीर सय्यद, महाराष्ट्र, समाजकार्य - पशुकल्याण. दीडशेहून जास्त जनावरं तेव्हा त्यांच्या दावणीला होती.

वेळ कोणती होती बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. मराठवाड्यात चारा नाही, पाणी नाही. धडधाकट बैल विकायची वेळ शेतकऱ्यावर आलेली. अशा वर्षी भाकड जनावरं पोसणं म्हणजे काय, हे ज्याच्या दारात दावण आहे त्याला विचारा.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पद्मश्रीबरोबर पैसे मिळत नाहीत. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस्स. दिल्लीहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चारा तेवढाच लागतो. पदक गाय खात नाही!

मग सन्मानाचा उपयोग काय? मला वाटतं, सन्मान त्या माणसापेक्षा आपल्याला जास्त शिकवतो. गावानं कुणाकडे बघावं, हे तो सांगतो. पण शाल-श्रीफळ देऊन, फेटा बांधून, फोटो काढून आपण घरी गेलो, तर तो सन्मान कसला? सत्काराच्या खर्चातून दोन ट्रॉली कडबा आला असता, हा हिशोबही करायला हवा.

निजामाच्या काळी नाव सुचवायचा हक्क तुमच्या-माझ्या पणजोबाला नव्हता. आज आहे. पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो. कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची. हातातल्या याच मोबाईलवरून होतं.

तर मंडळी, तुमच्या गावात असं कोण आहे? आधी त्यांच्याकडे जा, काय कमी पडतंय ते विचारा. शिफारस त्यानंतर लिहा. भेटू पुढच्या भागात. राम राम!