लेखकाचा छापखाना, लेखकाचे दुकान

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकाला आज दोन प्रकारचे सल्ले मिळतात. लेखन सुधारा, हा पहिला : पुन्हा लिहा, जाणकाराला दाखवा, मुद्रितशोधनावर पैसे वाचवू नका. विकायला शिका, हा दुसरा : आपला वाचक कोण ते ओळखा, किंमत विचारपूर्वक ठरवा, पुस्तक त्याच्या हातापर्यंत कसे जाईल ते पाहा. दोन्ही सल्ले बरोबर आहेत; पण ते दोन वेगळ्या माणसांना दिल्यासारखे वाटतात. पहिला साहित्यिकाला आणि दुसरा, त्याच्याच घरात राहणाऱ्या पण त्याला काहीशा लाजिरवाण्या वाटणाऱ्या, दुकानदाराला. आपल्या भाषांमधला पुस्तकव्यवहार आकाराला येत होता तेव्हा ही वाटणी झालेली नव्हती. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागर.

विद्यासागरांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. ते मुद्रक, प्रकाशक आणि ग्रंथविक्रेते होते, हे बंगालबाहेर फारसे कोणाच्या लक्षात नसते. १८४७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, मित्र मदनमोहन तर्कालंकार यांच्याबरोबर त्यांनी कलकत्त्यात संस्कृत प्रेस सुरू केली. त्यासाठी सहाशे रुपये कर्ज काढले. त्याच वर्षी वरिष्ठांशी मतभेद होऊन त्यांनी संस्कृत कॉलेजातली नोकरी सोडली. आता हा खाणार काय, असे कोणी विचारले तेव्हा बटाटे-परवल विकेन, असे त्यांनी उत्तर दिल्याची आठवण चरित्रकार सांगतात. भाजी विकण्याची वेळ आली नाही. पण विकण्याची लाज त्यांना नव्हती, एवढे त्या आठवणीतून कळते.

कलकत्त्यात स्वतःच्या हिमतीवर पुस्तक काढणारे ते पहिले नव्हेत. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात काम शिकलेल्या गंगाकिशोर भट्टाचार्यांनी १८१६ मध्ये भारतचंद्रांचे ‘अन्नदामंगल’ चित्रांसह छापले होते आणि पुस्तकांचे दुकानही थाटले होते. पुढे उत्तर कलकत्त्यातल्या बटतला भागात स्वस्त पुस्तकांचा मोठा बाजार उभा राहिला. पंचांगे, पुराणकथा, शृंगारिक काव्ये असे सर्व काही तिथे छापले जाई आणि फेरीवाले ते गावोगाव नेत. पाद्री जेम्स लाँग यांनी १८५९ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात कलकत्त्याच्या छापखान्यांशी जोडलेल्या अशा फेरीवाल्यांची संख्या दोनशेहून अधिक सांगितली आहे. म्हणजे वाचक होता, विक्रीची वाटही होती. चांगला छापलेला, विश्वासार्ह मजकूर मात्र कमी होता. विद्यासागरांनी ती उणीव हेरली.

संस्कृत प्रेसचे पहिले मोठे काम ‘अन्नदामंगल’ हेच होते. फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना बंगाली शिकवण्यासाठी हे काव्य लावलेले होते, पण बाजारातल्या प्रती अशुद्ध होत्या. कॉलेजचे सचिव मार्शल यांनी शुद्ध प्रत काढण्याचे सुचवले. विद्यासागरांनी कृष्णनगरच्या राजघराण्यातली पोथी मिळवली, तिच्यावरून पाठ ठरवला आणि पुस्तक छापले. कॉलेजने शंभर प्रती सहाशे रुपयांना घेतल्या. कर्ज फिटले. उरलेल्या प्रतींची विक्री हा नफा. इथे ‘मजकूर’ कुठे संपतो आणि ‘बाजार’ कुठे सुरू होतो? शुद्ध पाठ हे विद्वानाचे काम, आणि पुस्तक विकले गेले ते त्याच कामामुळे.

त्याच वर्षी त्यांचे ‘बेताल पंचविंशति’ प्रसिद्ध झाले. हे हिंदी ‘बैताल पचीसी’वरून केलेले भाषांतर. मराठीत याच कथा सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये आणल्या होत्या. वेताळाच्या गोष्टी भारतभर फिरल्या. प्रत्येक भाषेने त्यांच्यावर आपले गद्य घडवण्याचा सराव केला. विद्यासागरांचे भाषांतर सुरुवातीला समासांनी जड होते आणि वाक्याच्या पोटात थांबायला जागा नव्हती. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यांनी लांबलचक समास मोडले, शब्द हलके केले आणि स्वल्पविराम आणले. बंगाली वाक्याला श्वास कुठे घ्यायचा हे कळू लागले. मराठीत विरामचिन्हांची घडी बसवण्याचे श्रेय मेजर कँडी यांना जाते. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० चे. तिथे हे काम शिक्षणखात्यात बसलेल्या साहेबाने केले. बंगालीत ते करण्यात मोठा वाटा अशा लेखकाचा होता, ज्याच्या हाती स्वतःच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती होती.

छापण्यापूर्वी हे भाषांतर त्यांनी मदनमोहन तर्कालंकार आणि गिरिशचंद्र विद्यारत्न यांना वाचून दाखवले होते. त्यांच्या सूचनांवरून काही शब्द बदललेही. पुढे मदनमोहनांच्या जावयाने लिहिले की हे पुस्तक दोघांनी मिळून रचले आहे. तेव्हा विद्यासागरांनी दहाव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गिरिशचंद्रांचे पत्रच छापून उत्तर दिले : ऐकवले, सूचना घेतल्या, पण रचना माझी. जो आपले पुस्तक आपणच काढतो त्याच्यामागे संस्था नसते. लेखन तपासून घेण्यासाठी मित्रच लागतात, आणि मैत्रीत हिशोब लिहून ठेवलेले नसतात. तर्कालंकारांच्या ‘शिशुशिक्षा’ या पुस्तकाच्या हक्कावरूनही असाच वाद झाला. त्याचे उत्तर देण्यासाठी विद्यासागरांना उतारवयात एक स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली.

छापखान्याच्या आतही त्यांचे लक्ष होते. जोडाक्षरांमुळे बंगाली खिळ्यांची संख्या प्रचंड. जुळाऱ्याचा हात पेटीभर फिरत राही. कुठला खिळा कुठल्या घरात ठेवावा याची एक पद्धत विद्यासागरांच्या नावाने, ‘विद्यासागरी साट’ म्हणून, बंगाली छापखान्यांत कित्येक पिढ्या ओळखली गेली. प्रेसला जोडून त्यांनी संस्कृत प्रेस डिपॉझिटरी काढली. तिथे केवळ त्यांचीच पुस्तके नव्हती; इतर लेखक आपल्या प्रती ठेवून जात, विक्री झाली की कमिशन कापून पैसे मिळत. आज कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या ढिगांमधून वाट काढताना आपण ज्या बाजारात असतो, त्याच्या मुळाशी ही डिपॉझिटरी आहे.

या सगळ्याचा कळस म्हणजे ‘वर्णपरिचय’. १८५५ च्या एप्रिलमध्ये पहिला भाग, जूनमध्ये दुसरा. लेखक, मुद्रक, विक्रेता एकच. या छोट्या पुस्तकात त्यांनी बंगाली वर्णमालाच आवरली. दीर्घ ॠ आणि दीर्घ ॡ बंगालीत वापरले जात नाहीत म्हणून काढून टाकले. अनुस्वार-विसर्ग स्वरांतून उचलून व्यंजनांत नेले. चंद्रबिंदूला स्वतंत्र जागा दिली. ‘क्ष’ हे जोडाक्षर आहे म्हणून त्याला व्यंजनांच्या रांगेतून उठवले. संस्कृतच्या पंडिताने संस्कृतची ओझी उतरवली, कारण समोर सहा वर्षांचे मूल होते.

मला मात्र सर्वांत जास्त विचार करायला लावते ती या पुस्तकाची साठावी आवृत्ती. पहिल्या आवृत्तीला तेव्हा वीस वर्षे झाली होती. पुस्तक घरोघरी गेले होते. कोणी तक्रार केली तरी खप कमी होणार नव्हता. तरी साठाव्या आवृत्तीच्या निवेदनात विद्यासागर शिक्षकांना सांगतात की मुलांकडून ‘स्वरातला अ, स्वरातला आ’ असे म्हणवून घेऊ नका, नुसते ‘अ, आ’ म्हणवून घ्या. काही शब्दांचा शेवट हलन्त उच्चारतात, काहींचा अकारान्त, मुले गोंधळतात. म्हणून अकारान्त उच्चाराच्या शब्दांशेजारी त्यांनी ताऱ्याची खूण केली. वर्गात पुस्तक प्रत्यक्षात कसे म्हटले जाते, याकडे ते वीस वर्षे कान देऊन होते. विक्री त्यांच्यासाठी पुस्तकाचा शेवट नव्हती. पुस्तक कुठे अडते हे दुकानातून आणि शाळेतून परत कळायचे, आणि ते पुढच्या आवृत्तीत उतरायचे. त्यांच्या हयातीत ‘वर्णपरिचय’च्या दीडशेच्या आसपास आवृत्त्या निघाल्या.

याच वर्षी त्यांनी विधवाविवाहावरची पुस्तिका काढली. पहिल्या दोन हजार प्रती आठवड्याभरात संपल्या, मग तीन हजार, मग दहा हजार छापल्या गेल्या. १८५६ मध्ये कायदा झाला. १८६५ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांनी तिचे मराठी भाषांतर केले आणि मुंबई-पुण्यातल्या वादाला शास्त्राधार मिळाला. एका लेखकाने स्वतः छापलेले पुस्तक भाषांतरकाराच्या हातून अर्धा देश ओलांडून गेले. विधवांच्या विवाहांचा खर्चही विद्यासागर पुस्तकांच्या उत्पन्नातून करत. त्यात कर्ज झाले आणि १८६९ मध्ये प्रेसमधला मोठा हिस्सा विकावा लागला. डिपॉझिटरीही त्यांनी सोडून दिली.

हे चित्र फार उजळ होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक सरकार होते. आरंभी फोर्ट विल्यम कॉलेज, नंतर शाळा. १८५५ पासून ते स्वतः शाळांचे निरीक्षक होते, आणि त्याच शाळांत त्यांची पुस्तके चालत. आज आपण याला हितसंबंधांचा प्रश्न म्हणू. बंकिमचंद्रांनी १८७१ मध्ये ‘कॅलकटा रिव्ह्यू’मध्ये त्यांच्यावर वेगळाच आक्षेप घेतला : भाषांतरे आणि बालबोध पुस्तके यांपलीकडे यांनी केले काय? भाषांतर हेच माझे काम असल्याने हा आक्षेप मला अजून टोचतो. पण बंकिम ज्या बंगालीत लिहीत होते तिच्या वाक्यांना थांबायचे कुठे हे त्या भाषांतरांनी शिकवले होते. आणि बंकिमांचे पुढचे वाचक ‘वर्णपरिचय’ गिरवूनच वाचायला बसले होते. खुद्द रवींद्रनाथांनी विद्यासागरांना बंगाली गद्याचे पहिले खरे कलावंत मानले.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतली. गद्याचा जोर म्हणाल तर त्या काळच्या मराठीत तिच्या तोडीचे थोडेच सापडेल. पण ताराबाईंकडे छापखाना नव्हता, दुकान नव्हते, शंभर प्रती घेणारे कॉलेज नव्हते. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. हे एकुलते पुस्तकही जवळजवळ विस्मरणात गेले; १९७५ मध्ये स. गं. माळशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा ते वाचकांना दिसले. मधली ९३ वर्षे पुस्तक होते, वाचक होते. दोघांमधला रस्ता नव्हता. ताराबाईंना साठावी आवृत्ती सोडाच, दुसरीही स्वतः सुधारायला मिळाली नाही.

म्हणून ‘चांगले लिहा, विक्रीचे आपोआप होईल’ हे वाक्य मला खोटे वाटते, आणि ‘विक्री शिका, लिहिणे काय कोणीही लिहितो’ हे त्याहून खोटे. विद्यासागरांनी दुकान चालवले म्हणून त्यांचे गद्य सुधारत गेले. गद्य सुधारत गेले म्हणून दुकान चालले. आज छपाईला सहाशे रुपयांचे कर्ज लागत नाही, दुसरी आवृत्ती काढायला खिळे पुन्हा जुळवावे लागत नाहीत. सुधारणे इतके सोपे कधीच नव्हते. तरी आपल्यापैकी बहुतेकांची पुस्तके पहिल्या आवृत्तीतल्या चुकांसह तशीच पडून असतात, कारण कुठला वाचक कुठल्या वाक्याला अडखळला हे विचारायला आपण गेलेलोच नसतो.