एसटी नवी कोरी, नंबर मात्र जुना : असं का?

नागापूर : नगर-मनमाड रस्त्यावर एमआयडीसीजवळ थांबलं की कधी कधी चकचकीत लाल एसटी येते, पण नंबर दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो. जुन्या गाडीची पाटी नव्या गाडीला ठोकली की काय, अशी शंका येते. तसं नसतं.

नोंदणी क्रमांक गाडीच्या चेसिसशी जोडलेला असतो, बॉडीशी नाही. एसटीच्या दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) या कार्यशाळांत अनेक गाड्यांची जुनी ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून त्याच चेसिसवर माइल्ड स्टीलची नवी बॉडी बांधली गेली. चेसिस तेच, म्हणून नंबरही तोच. नगरच्या आगारात एमएच-१६ ऐवजी एमएच-१४, २० किंवा ४० च्या गाड्या दिसतात, त्याचंही कारण हेच. गाडी जिथे बांधली, तिथल्या आरटीओकडे तिची नोंद झालेली असते.

मात्र नव्या बॉडीने गाडीचं वय कमी होत नाही. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढवून मिळत नाही. हा हिशोब पहिल्या नोंदणीपासून होतो.

ब्रिटनमध्ये नंबरवरून गाडीचं साल कळतं. तिथले बसमालक वय झाकायला साल न सांगणारे जुने नंबर कायदेशीररीत्या लावतात. आपल्याकडे भंगारात गेलेल्या बसची पाटी दुसऱ्या बसला लावणं हा गुन्हा आहे. कर, परमिट आणि विम्याचा खर्च वाचवण्यासाठी काही जण एकाच नंबरवर दोन गाड्या पळवतात. अशा गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो आणि भोगावं लागतं प्रवाशांना.

हे रोखण्यासाठीच उच्च सुरक्षा नंबर प्लेट आली. तिच्यावर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. तिचं लॉक एकदा काढलं की तुटतं, परत बसत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच मिळते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवणं बंधनकारक आहे.

कंपनीच्या कामगारांसाठी, शाळेसाठी किंवा लग्नाच्या वऱ्हाडासाठी खासगी बस ठरवताना एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून पहिल्या नोंदणीची तारीख, फिटनेस आणि विमा बघून घ्यावा. जुनी बस विकत घेताना तर आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी जुळवल्याशिवाय विसार देऊ नये.