चाळीस राजीनामे आणि एक फुकट जर्नल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलल्यासारखाच ठेवलाय, सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या एका लाजिरवाण्या किश्श्यापासून. बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात नियम होता, प्रोजेक्टवर एक रिसर्च पेपर छापून आलाच पाहिजे. सबमिशनला दहा दिवस राहिलेले. सीनिअरने एका 'इंटरनॅशनल जर्नल'ची लिंक पाठवली. रात्री आम्ही चौघांनी पेपर अपलोड केला आणि दोन दिवसांत मेल आला, 'अभिनंदन, तुमचा पेपर स्वीकारला आहे.' एकही शंका नाही, एकही दुरुस्ती नाही. फक्त फी भरायची होती. आम्ही वर्गणी काढली, पैसे भरले, चार रंगीत सर्टिफिकेटं आली. घरच्यांनी एक फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

पुढे नोकरीत, एकदा सहज तो पेपर उघडला. आमच्या आलेखात दोन्ही अक्षांची नावं उलटी होती. म्हणजे तो पेपर कुणी वाचलाच नव्हता!

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. जर्नल म्हणजे नेमकं काय? आपण पैसे कशाचे भरतो? याचं उत्तर मला कॉम्प्युटर सायन्सच्या इतिहासातल्या एका बंडात सापडलं. आजची गोष्ट त्या बंडाची.

आधी पद्धत समजून घेऊ. तुम्ही संशोधन केलं, पेपर लिहिला, जर्नलला पाठवला. संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतो. हे रिव्ह्यूअर. ते प्रयोग तपासतात, गणितातली चूक काढतात, 'हे आधीच कुणीतरी केलंय' असं सांगतात. मग तुम्ही दुरुस्त्या करून परत पाठवता. कधी सहा महिने, कधी वर्ष जातं. शेवटी पेपर स्वीकारला जातो किंवा नाकारला जातो.

आता यातला पैशांचा हिशोब बघा. पेपर लिहिणाऱ्याला जर्नल पैसे देत नाही. रिव्ह्यूअर फुकट काम करतो. बहुतेक संपादकही जवळपास फुकटच. पण छापून झाल्यावर कॉपीराइट प्रकाशकाकडे जातो, आणि तोच पेपर विद्यापीठाच्या लायब्ररीला भरपूर वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. स्वयंपाक आपण करायचा, चव आपणच बघायची आणि जेवताना बिलही आपणच द्यायचं!

छपाई, टाइपसेटिंग, जगभर पोस्टाने अंक पाठवणं, या सगळ्याला खर्च होता तोवर हे ठीक होतं. मग इंटरनेट आलं.

मशीन लर्निंग या विषयाचं 'मशीन लर्निंग' याच नावाचं एक जर्नल १९८६ साली सुरू झालं होतं. प्रकाशक होते क्लुवर. विषय तेव्हा छोटा होता, पण या जर्नलला मान होता. तिथे पेपर आला की पीएचडीवाल्याला नोकरी मिळायला मदत व्हायची. पण ज्याच्या लायब्ररीला वर्गणी परवडत नाही, त्याला दार बंद. आणि गंमत म्हणजे, हे संशोधक दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसलेले. फाइल सर्व्हरवर टाकायला किती खर्च येतो हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

२००० साली एमआयटीच्या प्राध्यापिका लेस्ली केल्बलिंग यांनी 'जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च' सुरू केलं. थोडक्यात जेएमएलआर. नियम सोपे होते. पेपर ऑनलाइन पाठवायचा. परीक्षण पूर्वीइतकंच कडक. स्वीकारला तर वेबसाइटवर सगळ्यांसाठी फुकट. लेखकाकडूनही फी नाही आणि कॉपीराइट लेखकाकडेच.

ऐकायला भारी वाटतं ना? पण त्या काळातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दोन वर्षं घासून एक चांगला पेपर लिहिलाय. तो नावाजलेल्या जर्नलला पाठवाल, की काल सुरू झालेल्या वेबसाइटला? नव्या जर्नलला नाव नाही, म्हणून चांगले पेपर येत नाहीत. चांगले पेपर येत नाहीत, म्हणून नाव होत नाही. कुठलंही नवीन ॲप काढणाऱ्याला हे चक्र माहीत असतं.

हे चक्र तोडायला नाव असलेल्या माणसांनीच उठावं लागतं, आणि ते उठले. ऑक्टोबर २००१ मध्ये 'मशीन लर्निंग'च्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी एक जाहीर पत्र लिहून राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंटरनेटच्या काळात संशोधन महागड्या वर्गणीच्या कुलपात ठेवणं या विषयाच्याच हिताचं नाही. म्हणून आम्ही आमची मेहनत आता जेएमएलआरला देणार.

सह्या करणाऱ्यांत कोण होतं बघा. जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ, मायकल जॉर्डन (बास्केटबॉलवाला नाही, बर्कलीचा प्राध्यापक), रिचर्ड सटन, अँड्र्यू बार्टो, आणि स्वतः केल्बलिंग. आज आपण ज्याला एआय म्हणतो, त्याचा पाया घालणारी ही मंडळी. हिंटन आणि बेंजिओंना पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला, सटन-बार्टोंनाही मिळाला, हिंटनना तर २०२४ चं फिजिक्सचं नोबेलसुद्धा. पण २००१ साली यातलं काहीच झालेलं नव्हतं. न्यूरल नेटवर्कवर काम करणाऱ्यांकडे तर तेव्हा लोक जरा संशयानेच बघायचे.

मग काय झालं? क्लुवरने धोरण बदललं आणि परीक्षण झालेला पेपर स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायची परवानगी लेखकांना दिली. जुनं जर्नल बंद पडलं नाही, ते आजही चालू आहे. आणि जेएमएलआर? २००३ साली तिथे बेंजिओ आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. विषय होता, आधीचे शब्द बघून पुढचा शब्द कोणता येईल हे न्यूरल नेटवर्कला शिकवणं. ओळखीचं वाटतंय? आज चॅटबॉट जे करतात, त्याच्या मुळाशी असलेल्या पेपरांपैकी हा एक. पुढे ड्रॉपआउटचा पेपर तिथे आला, सायकिट-लर्नचाही तिथेच आला. तुमच्यापैकी कुणी मशीन लर्निंगचा ऑनलाइन कोर्स केला असेल, तर जेएमएलआरचं काहीतरी नकळत वापरलंय.

आणि खर्च? हार्वर्डचे प्राध्यापक स्टुअर्ट शीबर यांनी २०१२ साली याचा हिशोब मांडला. एका पेपरमागे दहा डॉलरपेक्षा कमी! काम स्वयंसेवकांचं, सर्व्हर एमआयटीचा. मोठा खर्च कशावर, तर टॅक्सचे कागद भरणाऱ्या अकाउंटंटवर. मी हे वाचून मोठ्याने हसलो होतो.

हे लोण पुढे पसरलं. २००३ मध्ये खुद्द डोनाल्ड नुथ, म्हणजे अल्गोरिदम शिकवणाऱ्यांचे पितामह, यांनी 'जर्नल ऑफ अल्गोरिदम्स'च्या संपादक मंडळाला एक लांबलचक पत्र लिहिलं. प्रकाशक एल्सेव्हिअरच्या किमतींचा त्यांनी पानामागे किती डॉलर असा हिशोब मांडला. अख्ख्या मंडळाने राजीनामा दिला आणि एसीएमचं नवं जर्नल सुरू झालं.

इथे गोष्ट संपली असती तर गोड शेवट झाला असता. पण 'वाचकाला फुकट' या कल्पनेची एक उलटी बाजूही निघाली. वाचकाकडून घ्यायचे नाहीत ना, मग लेखकाकडून घ्या! काही प्रकाशक असे पैसे घेऊन परीक्षण नीट करतात. पण काहींच्या लक्षात आलं, की जितके पेपर स्वीकारू तितकी फी. मग परीक्षणाचा त्रास घ्या कशाला?

आपल्याकडे याची मोजदाद पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे प्राध्यापक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १००९ जर्नल्स त्यांनी तपासली. २०१८ साली निष्कर्ष छापून आला: ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स निकृष्ट. साधारण एक तृतीयांश जर्नल्स तर पहिल्याच चाळणीत बाद झाली, कारण पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं ही माहितीच चुकीची होती किंवा नव्हतीच. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून चार हजारांहून जास्त जर्नल्स काढून टाकली.

आणि महाग म्हणजे चांगलं, असंही नाही. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की अर्थहीन कॉम्प्युटर सायन्सचा पेपर तयार. त्यातला एक त्यांनी एका कॉन्फरन्सला पाठवला, आणि तो स्वीकारला गेला! पुढे २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या बड्या प्रकाशकांना आपल्या कॉन्फरन्सच्या संग्रहांतून असे १२० हून जास्त बनावट पेपर काढावे लागले.

मग फरक कुठे पडतो? मला वाटतं, त्या चाळीस जणांनी तो दाखवून दिलाय. ते गेले तेव्हा क्लुवरकडे नाव उरलं, छापखाना उरला, जुने अंक उरले. हे लोक सोबत काय घेऊन गेले? फक्त एक सवय. दुसऱ्याचा पेपर शांतपणे, शेवटपर्यंत वाचायची. जर्नल म्हणजे तेवढंच. बाकी सगळं सर्व्हर आणि सर्टिफिकेट.

म्हणून तुमच्यापैकी कुणी सध्या पेपर पाठवायच्या तयारीत असेल तर तीन गोष्टी बघा. संपादकांची नावं शोधा आणि त्यांच्या कॉलेजच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते तपासा. तिथले मागचे दोन पेपर खरंच वाचा. आणि दोन दिवसांत 'अभिनंदन' आलं, तर घाबरा. 'या चुका दुरुस्त करा' असं चार पानी उत्तर आलं, तर राग येईल, पण कुणीतरी तुमचं काम वाचलंय.

आमच्या हॉलमधलं ते सर्टिफिकेट अजून तिथेच आहे. पाहुणे आले की आई अजून दाखवते. आईला अजून सांगितलेलं नाही. हा एपिसोड ऐकला तर कळेलच.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि आलेखाचे अक्ष एकदा तपासून बघा!