कुठून बोलताय? कोण बोलताय?

आजची गोष्ट साधारण २००० सालची. सुरुवात होते अलिबागला.

समजा, तुम्ही दादरचे. दिवाळीत चार दिवस गावच्या घरी आलात. मांडव्याला लाँचमधून उतरताना खांद्याला लॅपटॉप, कारण सोमवारी सकाळी एका टेंडरची मुदत संपते आणि तुमचं कोटेशन त्याआधी पोचायला हवं. रविवारी रात्री फोनची वायर काढून मॉडेमला लावता. टीं टीं, खर्रर्र... लागली लाइन! आलेल्या सहा मेल्स उतरतात. मग तुम्ही कोटेशन पाठवता, आणि पडद्यावर उमटतं: ५५०, रिलेइंग डिनाइड. पुन्हा पाठवता, पुन्हा तेच.

मेल येतेय, पण जात नाही. मग अडतंय कुठे?

कोकणात पहिला संशय लाइनवर, आणि तो अगदी रास्त. पावसाळ्यात तांब्याच्या तारांच्या जोडात पाणी शिरलं की खरखर वाढायची, मॉडेम मध्येच लाइन सोडायचा. लॉजवर असाल तर बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य फिरवावा लागे. म्हणून मॉडेमच्या नंबरात शून्य आणि त्यापुढे स्वल्पविराम टाकायचा. स्वल्पविराम म्हणजे मॉडेमला सांगणं, 'जरा थांब.' पण हे सगळे उपाय लाइन लागेपर्यंतचे. आपल्याकडे तर मेल्स आल्यात, म्हणजे लाइन ठणठणीत आहे.

थोडं मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, सुरुवात मोठ्या शहरांतून. १९९८च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. पण तुमचं कनेक्शन मुंबईचं असेल तर अलिबागहून तो नंबर लावणं म्हणजे एसटीडी! मीटर पळतोय आणि फाइल रांगतेय. मग माणूस काय करायचा? ज्यांच्याकडे उतरलाय त्यांचंच कनेक्शन वापरायचा. म्हणजे टपालपेटी मुंबईच्या कंपनीची, आणि रस्ता दुसऱ्याच कंपनीचा.

खरी मेख इथे आहे. मेल आणणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी खाती. आणणारं खातं, पॉप, पोस्टातल्या कुलूपबंद पेटीसारखं. किल्ली म्हणजे पासवर्ड. ती असली की कुठूनही या, पेटी उघडेल. पाठवणारं खातं, एसएमटीपी, नाक्यावरच्या लाल डब्यासारखं. कुणीही यावं, पत्र टाकावं. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी त्याचे नियम लिहून काढले, तेव्हा त्यात पासवर्डच नव्हता. जाळं छोटं होतं, संशोधक एकमेकांना ओळखत होते. विचारणार कोण?

पुढे जाळं वाढलं आणि जाहिरातवाले घुसले. परक्याच्या सर्व्हरवर एक मेल टाकायची, सोबत हजारो पत्ते. वाटपाची हमाली त्या सर्व्हरने करायची. कंपन्या वैतागल्या आणि त्यांनी पहारा बसवला: आमच्या लाइनवरून आलात तर पाठवू, नाहीतर नाही. पहारेकरी एकच प्रश्न विचारायचा, 'कुठून बोलताय?' तुम्ही अलिबागहून, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून बोलत होतात. नेहमीचं, पैसे भरणारं गिऱ्हाईक, तरी दारात अडवलेलं.

तोडगे होते. सर्वांत सोपा म्हणजे ज्यांची लाइन वापरताय, त्यांचाच आउटगोइंग सर्व्हर सेटिंगमध्ये लिहायचा. इनकमिंगला हात लावायचा नाही. घरी परतल्यावर मात्र आठवणीने पूर्ववत करायचं, नाहीतर हीच रडकथा दादरला! काही कंपन्यांकडे आधी मेल्स उतरवल्या की पुढची काही मिनिटं पाठवायची मुभा मिळे. तिसरा मार्ग वेबमेल. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला हॉटमेल सुरू केलं होतं. तिथे पासवर्ड देऊन आत शिरायचं आणि मेल त्यांच्याच सर्व्हरवर लिहायची, म्हणजे तुमची लाइन कुणाची हा प्रश्नच उरत नाही.

पक्का इलाज कागदावर तेव्हाच आला होता. डिसेंबर १९९८मध्ये मेल सोपवण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट ठरला आणि मार्च १९९९मध्ये पाठवतानाही नाव-पासवर्ड विचारण्याची पद्धत. आउटलुक एक्सप्रेसमध्ये त्यासाठी एक छोटा चौकोन होता, 'माय सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन'. तुमच्या कंपनीने ही सोय दिली असेल, तर त्या चौकोनात टिचकी मारायची आणि कोटेशन सुटायचं. पण तो चौकोन आपणहून भरलेला नसे, आणि गावी रविवारी रात्री हे सांगणार कोण?

आज मुरूडच्या किनाऱ्यावर बसून तुम्ही फोनवरून मेल पाठवता. मधला टॉवर कुणाचा, याची फिकीरही नसते. याचं श्रेय आपण वेगाला देतो. वेग वाढला हे खरंच, पण नुसत्या वेगाने ते ५५० हटलं नसतं. ते हटलं, कारण पहारेकऱ्याचा प्रश्न बदलला. आता तो 'कुठून बोलताय?' विचारत नाही. विचारतो, 'कोण बोलताय?'

फिरस्त्या माणसाला नेमकं हेच हवं होतं. भेटू पुढच्या भागात!