वर्ग आणि रंगमंच : मारिया इरेने फोर्नेसच्या नाट्यलेखनाचा विचार

नाट्यवाङ्मयाचा इतिहास लिहिताना अध्यापनाला कोठे बसवावयाचे, या प्रश्नाची तड इतिहासकारांनी फारशी लावलेली नाही. इतिहासाचा हिशेब संहितांवर चालतो. फार तर प्रयोगांवर. वर्गात जे घडते ते संहितेत उरत नाही आणि प्रयोगांच्या परीक्षणांतही येत नाही. अमेरिकन रंगभूमीच्या इतिहासात जॉर्ज पियर्स बेकर या प्राध्यापकाचे नाव आवर्जून घेतले जाते. पण ते घेतले जाते यूजीन ओनील १९१४-१५ मध्ये हार्वर्डला त्याच्या नाट्यलेखनाच्या वर्गात बसला होता म्हणून. बेकरच्या बाबतीत इतिहासकाराची सोय अशी, की नाटककार म्हणून तो कोणाच्या स्मरणात नाही. शिक्षक एका बाजूला, नाटककार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ‘प्रभाव’ नावाचा बाण काढला की काम भागते. शिक्षक आणि नाटककार एकच व्यक्ती असेल तर मात्र तिचे दोन तुकडे केले जातात : नाटकांना प्रकरण मिळते, वर्गाला ऋणनिर्देश. मारिया इरेने फोर्नेस (१९३०-२०१८) या नाटककर्तीच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी हीच वाटणी आली आहे. तिच्या नाटकांच्या वाचनालाच ही वाटणी बाधक ठरते असे मला वाटते, आणि प्रस्तुत लेखात त्याची कारणे मांडावयाची आहेत.

फोर्नेसचा जन्म १४ मे १९३० रोजी हवाना येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर १९४५ मध्ये ती आई आणि एका बहिणीसह न्यूयॉर्कला आली. शालेय शिक्षण थोडके, इंग्रजीचा गंध नाही, आणि पहिली नोकरी कारखान्यात. पुढे तिने हान्स हॉफमान या चित्रकाराकडे चित्रकलेचे धडे घेतले आणि १९५४ मध्ये चित्रकार होण्याच्याच इराद्याने ती युरोपला गेली. पॅरिसमध्ये तिने बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ पाहिले. दिग्दर्शन रॉजेर ब्लँचे, भाषा फ्रेंच. फोर्नेसला फ्रेंच येत नव्हते. तरीही या प्रयोगाने आपले आयुष्य बदलले, असे ती पुढे सांगत असे. चरित्रात्मक लेखनात हा प्रसंग गमतीदार योगायोग म्हणून येतो. पण भाषा कळत नसताना नाटक कळते याचा अर्थ काय? शब्दार्थ वजा केल्यावर रंगमंचावर दोन देह उरतात, त्यांच्यामधले अंतर उरते, थांबणे उरते. कॅनव्हासवरचे रंग एकमेकांना ढकलतात आणि ओढतात, हे हॉफमानचे प्रसिद्ध सूत्र होते. ते शिकलेल्या डोळ्यांना हा प्रयोग चित्रासारखा वाचता आला असला पाहिजे. फोर्नेसच्या नाटकांत कथानकाआधी चित्र येते, त्याचे मूळ येथे आहे.

लेखनाला सुरुवात झाली १९६१ मध्ये, आणि तीही काहीशी खेळकरपणे. त्या काळात फोर्नेस सूझन सॉण्टॅगबरोबर राहत होती. आपल्या हातून लेखन होत नाही अशी तक्रार सॉण्टॅगने एका संध्याकाळी केली, तेव्हा ‘चल, घरी जाऊन आत्ताच लिहू’ अशा अर्थाचे काही बोलून फोर्नेस तिला घेऊन घरी आली आणि सोबत म्हणून स्वतःही लिहावयास बसली. काय लिहावे हे ठाऊक नव्हते, म्हणून तिने पाकक्रियेचे एक पुस्तक उघडले आणि त्यातल्या वाक्यांचे पहिले शब्द उचलून मजकूर रचला. ‘प्रॉमनाड’ (१९६५) या संगीतिकेसाठी तिने पात्रे आणि स्थळे वेगवेगळ्या कार्डांवर लिहून ती पिसली आणि जे हाती आले त्यावरून प्रसंग उभे केले. हे दादावादी चाळे नव्हते. लेखकाच्या हेतूला थोडा वेळ खोलीबाहेर बसविण्याची ती युक्ती होती. अमेरिकेत नाट्यलेखनाचे शिक्षण त्या वेळेपर्यंत हेतूभोवतीच उभे होते. लायोस एग्रीच्या १९४६ मधील बहुप्रचलित पुस्तकाने प्रत्येक नाटकाला एक सूत्रविधान, प्रत्येक पात्राला एक इच्छा आणि इच्छांच्या टकरीतून चढत जाणारा संघर्ष, अशी घडण निश्चित करून टाकली होती. पात्राला काय हवे आहे, हा त्या परंपरेतला पहिला प्रश्न. फोर्नेसला तो प्रश्नच मान्य नव्हता. माणसे आपले आयुष्य एकमेकांकडून काही मिळविण्याच्या खटपटीतच घालवितात हे तिला खरे वाटत नसे.

येथे ‘टँगो पॅलेस’ (१९६३) या आरंभीच्या नाटकाकडे पाहिले पाहिजे. बेकेट आणि आयोनेस्को यांचे ऋण या नाटकाच्या अंगावर जरा जास्तच दिसते. तरीही त्यातली एक कल्पना तिची स्वतःची आहे. इझिडोर हा स्त्रीपुरुषभेदापलीकडचा विदूषक आणि लिओपोल्ड हा प्रामाणिक तरुण एका खोलीत कोंडलेले आहेत. इझिडोर आपली वचने उच्चारतो आणि प्रत्येक वचनाचे कार्ड तरुणाकडे भिरकावतो. लिओपोल्डने ती कार्डे पाठ करावीत अशी त्याची अपेक्षा आहे. शिक्षकाचे इतके निर्दय चित्र काढणारी लेखिका पुढे आयुष्याची कित्येक वर्षे वर्गात घालविते, यात मला विसंगती दिसत नाही. कार्ड तेच आहे. इझिडोरच्या हाती ते ज्ञानाचे अंतिम रूप आहे. फोर्नेसच्या हाती ते पिसावयाचे असते.

मधल्या वर्षांचा तपशील थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९६५ मध्ये ‘प्रॉमनाड’ आणि ‘द सक्सेसफुल लाइफ ऑफ थ्री’ या नाटकांसाठी तिला पहिले ओबी पारितोषिक मिळाले. अशी एकूण नऊ पुढे मिळाली. १९६६ मध्ये ‘द ऑफिस’ हे नाटक जेरोम रॉबिन्सच्या दिग्दर्शनाखाली ब्रॉडवेवर आले आणि अधिकृत उद्घाटनापूर्वीच बंद पडले. नंतर ती आपली नाटके स्वतःच दिग्दर्शित करू लागली. १९७२ नंतरची काही वर्षे ‘न्यूयॉर्क थिएटर स्ट्रॅटेजी’ या नाटककारांच्या संस्थेच्या कारभारात गेली.

त्याच संस्थेतर्फे १९७७ मध्ये ‘फेफू अँड हर फ्रेंड्स’ रंगभूमीवर आले. काळ १९३५, स्थळ न्यू इंग्लंडमधील एक घर, पात्रे आठ स्त्रिया. दुसऱ्या भागात प्रेक्षकांचे चार गट केले जातात आणि ते हिरवळ, अभ्यासिका, शयनगृह आणि स्वयंपाकघर अशा चार जागी आळीपाळीने फिरतात. अभिनेत्री तोच प्रसंग चार वेळा करतात. प्रयोगाची जागा पाहावयास गेली असता तेथल्या निरनिराळ्या खोल्या पाहून ही रचना सुचली, असे फोर्नेसने सांगितले आहे. म्हणजे येथेही आधी जागा, मग आशय. या रचनेची स्त्रीवादी समीक्षेने पुष्कळ आणि चांगली चर्चा केली आहे. पण या आठ जणी एकत्र का जमल्या आहेत? शिक्षणविषयक एका उपक्रमासाठी निधी जमविण्याचा कार्यक्रम त्यांना करावयाचा आहे आणि त्याची त्या तालीम करीत आहेत. त्या तालमीत एमा हे पात्र जो उतारा सादर करते तो फोर्नेसचा नव्हे. एमा शेरिडन फ्रायच्या ‘एज्युकेशनल ड्रामॅटिक्स’ या पुस्तकातला आहे. फ्राय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्कच्या एज्युकेशनल अलायन्समध्ये मुलांना नाट्य शिकवीत असे. म्हणजे फोर्नेसच्या सर्वाधिक अभ्यासिलेल्या नाटकाच्या मध्यभागी एका विस्मृत नाट्यशिक्षिकेचा मजकूर उभा आहे.

याच नाटकात आणखी एक पठण आहे. शयनगृहातल्या प्रसंगात ज्युलिया अंथरुणाला खिळलेली आहे आणि अदृश्य न्यायाधीशांपुढे तिला एक प्रार्थना म्हणावी लागते. स्त्री ही दुष्ट आहे, अशुद्ध आहे, असे त्या प्रार्थनेचे सांगणे. पाठ चुकला की शिक्षा. ज्युलियाचे पठण आणि एमाचे पठण एकमेकांसमोर ठेवून वाचले, तर हे नाटक शिकविण्याच्या दोन रीतींविषयी बोलू लागते. एका रीतीत शब्द बाहेरून देहावर लादला जातो. दुसरीत तो देहाला जगाकडे उघडतो. इझिडोरची कार्डे येथे प्रार्थनेच्या रूपाने परत आली आहेत.

हा धागा एकदा हाती आला की इतर नाटकेही वेगळी दिसू लागतात. ‘द डॅन्यूब’मध्ये हंगेरियन शिकविणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या धड्यांतून एक प्रेमकथा उलगडते, आणि ती धड्यातल्या वाक्यांच्या शिष्टाचाराने बोलते. ‘द कंडक्ट ऑफ लाइफ’ (१९८५) मधली लेटिशिया ही छळछावणीच्या व्यवहारात गुंतलेल्या लष्करी अधिकाऱ्याची पत्नी. तिला शिकावयाचे आहे. पण या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाटक ‘मड’ (१९८३). कॅलिफोर्नियातील पॅडुआ हिल्स नाट्यमहोत्सवात, उघड्यावर, ते प्रथम झाले. मे ही दरिद्री तरुणी कपड्यांना इस्त्री करून पोट भरते आणि वाचावयास शिकते. आजारी लॉइडविषयीचे वैद्यकीय पत्रक तिला वाचता येत नाही, म्हणून ती हेन्रीला घरी आणते. पत्रकातले शब्द त्यालाही नीट झेपत नाहीत. एका प्रसंगात ती पाठ्यपुस्तकातून तारामाशाविषयीचा परिच्छेद बोट ठेवून, अडखळत वाचते. नाटकातली कोणतीही मारामारी या वाचनाइतकी तीव्र नाही. प्रत्येक प्रसंगाअखेर पात्रे आठ सेकंद निश्चल होतात. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात काळोख करणे शक्य नसल्याने ही सोय सापडली, पण तिने नाटकाला स्थिरचित्रांच्या मालिकेचे रूप दिले. मे शेवटी घर सोडून निघते आणि लॉइड तिला गोळी घालतो. इच्छा आणि अडथळा या परिभाषेत ही कथा सांगता येईल. पण मग बोट ठेवून केलेले ते वाचन केवळ ‘व्यक्तिरेखेचा तपशील’ होऊन बसते.

‘मड’ लिहिले गेले त्या काळात फोर्नेस न्यूयॉर्कच्या ‘इन्टार’ या संस्थेत शिकवीत होती. मॅक्स फेराच्या या संस्थेत स्पॅनिशभाषक पार्श्वभूमीच्या नाटककारांसाठी १९८१ मध्ये सुरू झालेली प्रयोगशाळा तिने सुमारे दहा वर्षे चालविली. दिवसाची सुरुवात योगासनांच्या धर्तीच्या व्यायामाने होई. मग डोळे मिटून एखादी व्यक्ती, एखादी जागा आठवावयाची; ती कागदावर चितारावयाची; आणि त्यानंतर लिहावयाचे. मध्येच ती एखादे सुटे वाक्य देई, आणि जो जे लिहीत असेल त्यात ते सामावून घ्यावयाचे. खोलीत शांतता. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयाची : विद्यार्थ्यांबरोबर ती स्वतःही लिहीत बसे. वर्ग आणि लेखन या दोन जागा तिच्यापुरत्या वेगळ्या नव्हत्याच.

या रीतीवर आक्षेप घेता येतो. प्रतिमांतून लिहिलेले नाटक सुट्या तुकड्यांचेच राहण्याचा धोका असतो, आणि काही ठिकाणी तो खरा ठरतो. दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रयोगशाळेच्या नावातच ‘हिस्पॅनिक’ हे विशेषण होते, आणि तेथे येणाऱ्याने आपल्या समूहाची कैफियत मांडावी ही अपेक्षा त्या विशेषणात गृहीत असते. फोर्नेसची स्वतःची नाटके इंग्रजीत, आणि कधी न्यू इंग्लंडमध्ये, कधी १९३८ च्या बुडापेस्टमध्ये घडणारी. दुसरीकडे, तिचे पहिले नाटक ‘ला व्यूदा’ कुटुंबातील जुन्या पत्रांवरून स्पॅनिशमध्ये लिहिलेले आणि शेवटचे ‘लेटर्स फ्रॉम क्यूबा’ (२०००) हवानातील भावाच्या पत्रांवर आधारलेले. मूळ नाकारावयाचे नाही, पण विषय म्हणून ते कोणी नेमूनही द्यावयाचे नाही, अशी ही भूमिका दिसते. डोळे मिटल्यावर जे दिसेल ते लिही, या सूचनेतही तीच आहे.

त्या खोलीतून आणि तिच्या इतर कार्यशाळांतून जे लेखक पुढे आले त्यांत चेरी मोरागा, एद्वार्दो माचादो, मिग्दालिया क्रूझ, कारिदाद स्विच, निलो क्रूझ ही नावे आहेत. त्यांची नाटके एकमेकांसारखी नाहीत आणि फोर्नेससारखीही नाहीत. प्रभावाची आपली नेहमीची कल्पना साम्यावर उभी असल्यामुळे येथे ती निरुपयोगी होते : शैलीचा ठसा सापडला नाही की इतिहासकार प्रभाव नाही असे लिहून मोकळा होतो. इच्छेऐवजी प्रतिमेपासून आरंभ करण्याची मोकळीक मिळणे, हाही प्रभावच आहे. पण त्याची खूण संहितेच्या पृष्ठभागावर शोधून चालत नाही. त्यात फोर्नेसने आपल्या हयातीत कोणतेही पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले नाही. उत्तरायुष्यात स्मृतिभ्रंशामुळे तिचे लेखन आणि अध्यापन थांबले. तिची वर्गातली रीत आज बरीचशी विद्यार्थ्यांच्या आठवणींत आणि त्यांच्या स्वतःच्या वर्गांत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये तिच्या नाटकांचा बारा तासांचा सलग कार्यक्रम झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तिचे निधन झाले.

फोर्नेसला पुलित्झर मिळाले नाही; १९९० मध्ये ‘अँड व्हॉट ऑफ द नाइट?’ अंतिम यादीपर्यंत पोहोचले होते. २००३ चे पुलित्झर निलो क्रूझला ‘अ‍ॅना इन द ट्रॉपिक्स’ या नाटकासाठी मिळाले. १९२९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पाजवळच्या एका सिगार कारखान्यात कामगारांना काम करता करता ऐकविण्यासाठी एक वाचक नेमला जातो आणि तो त्यांना टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ वाचून दाखवू लागतो. त्या वाचनाने त्यांची आयुष्ये हलतात, आणि वाचकाचा गोळी लागून अंत होतो. क्रूझची भाषा काव्यमय, भरजरी. ‘मड’ची कोरडी, मोजकी. शैलीवरून शोध घेणारा अभ्यासक या दोन नाटकांना एका वाक्यात आणणार नाही. पण निलो क्रूझने प्रयोगशाळेत येण्यापूर्वी मायामीत ‘मड’ दिग्दर्शित केले होते, आणि इस्त्रीच्या फळीपाशी तारामाशाचा परिच्छेद वाचणारी मे त्याने तालमीत कितीतरी वेळा ऐकली असणार.