एकेचाळीस किलोमीटरवरचे पाहुणे

डॉ. जयंत नारळीकर म्हटलं की आपल्याला आधी त्यांच्या विज्ञानकथा आठवतात. अबू धाबीला येताना आमच्या सामानातही त्यांची दोन पुस्तकं होतीच. पण याच माणसाने जंतू शोधायला हैदराबादहून फुगे उडवले होते, हे इथल्या आमच्या मंडळींत फारसं कुणाला माहीत नव्हतं.

केंब्रिजला नारळीकरांचे गुरू होते फ्रेड हॉईल. जीवन पृथ्वीवर जन्मलं नाही, धूमकेतूंबरोबर जंतू आले आणि आजही येतात, असं हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे सांगत. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. नारळीकरांचं म्हणणं साधं होतं: वाद कशाला, वर जाऊन हवाच आणू या की! पहिला फुगा जानेवारी २००१ मध्ये गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉईल वारले. दुसरा फुगा गेला २० एप्रिल २००५ रोजी, इस्रोच्या पाठबळावर.

खरी गोम पुढेच आहे. आपणच खालून नेलेले जंतू वरचे म्हणून परत आणले तर? म्हणून पोलादाच्या १६ नळ्या निर्जंतुक करून, आतली हवा काढून, द्रवरूप निऑनमध्ये बुडवून पाठवल्या. उणे २४६ अंशांच्या आसपासच्या त्या गारठ्यात आत शिरलेली हवा गोठते, आणि आणखी हवा ओढली जाते. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे नमुने असे मिळाले. तपासणी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली: हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये. सीसीएमबीचे एस. शिवाजी याआधी अंटार्क्टिकातल्या थंडीतले नवे जिवाणू ओळखण्यात मुरलेले. पुण्याकडून होते योगेश शौचे.

जिवाणू नवा कसा ठरवतात? हा भाग माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला फार आवडला. १६एस नावाच्या जनुकात साधारण १५०० अक्षरं असतात. दोन फाइल्स शेजारी ठेवून फरक काढावा, तसं ते माहीत असलेल्या जातींशी ताडून बघतात. पण तेवढ्यावर भागत नाही. संपूर्ण डीएनए शेजारच्या जातीशी ७० टक्क्यांपेक्षा कमी जुळावा लागतो, आणि जिवंत नमुना दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो.

जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांतले तीन जिवाणू नवे निघाले. अतिनील किरणं ते आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसत. २००९ मध्ये बारसं झालं: जानीबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय.

‘परग्रहावरचे जीव सापडले’ असं म्हणायचा मोह इथे कुणालाही झाला असता. इस्रोच्या पत्रकाने मात्र स्पष्ट लिहिलं, की यातून पृथ्वीबाहेरचं मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मला या सगळ्या प्रकरणातलं हेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. कारण नवी जात म्हणजे आपल्या यादीत नसलेली जात, एवढंच. पुढे आर्यभट्टाय साध्या शेतातल्या मातीतही सापडला! २०२० मध्ये त्याची रवानगी ‘प्रीस्टिया’ या वेगळ्या कुळात झाली. तो जुन्याच एका जातीचा भाग असल्याचंही काही जण मांडतात.

इथल्या आपल्या मुलांना २०२१ मध्ये मंगळाशी पोहोचलेलं ‘होप’ यान माहीत आहे. त्यांना हे फुगेही सांगा. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. गुरूच्या नावाचा तो जिवाणू अजून त्याच नावाने नोंदलेला आहे, आणि तो वर पोहोचला कुठून, हे अजून ठरायचं आहे.