कोळेरोग, बोर्डो मिश्रण आणि पोफळीची उंची : सुपारी बागायतीच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

प्रस्तावना

कोकणच्या कृषी इतिहासात खोती, कुळकायदा, भातशेती आणि हापूस आंबा या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. पिकांवरील रोगांचा इतिहास मात्र वनस्पतिशास्त्राचा प्रांत मानून बहुतांशी बाजूला राहिला. वास्तविक, एखाद्या रोगाने बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न ठरते, मजुराच्या कामाचे स्वरूप ठरते आणि संशोधन संस्था कोणत्या प्रश्नाला हात घालतील हेही काही अंशी ठरते. सुपारीवरील कोळेरोग हे याचे ठळक उदाहरण होय. या रोगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यास दाद न देणारा वाण लागवडीत रूढ झालेला नाही. असे का घडले आणि त्या अभावाचा भार कोणी उचलला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव आणि प्रदेश

कुडाळ हा पूर्वी सावंतवाडी संस्थानाचा एक महाल होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. राज्यकारभाराच्या या सीमा बदलल्या, पण बागायतीचा पट्टा सलगच राहिला. कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग, गोव्यातील कुळागरे, पुढे शिरसी-सिद्धापूर आणि मलनाड असा तो पसरलेला आहे. भरपूर पाऊस, दाट सावली, पोफळीच्या जोडीला नारळ, केळ, जायफळ आणि पोफळीवरच चढवलेला मिरवेल ही या बागांची सर्वसाधारण रचना. जी आर्द्रता पोफळीला मानवते, तीच रोगालाही मानवते.

‘कोळेरोग’ हा शब्द मराठी वाचकास कोळी या शब्दाची आठवण करून देतो. सडलेल्या फळावर पांढरी, जाळ्यासारखी बुरशी दिसत असल्याने हा समज दृढही होतो. परंतु शब्द कन्नड आहे. कोळे म्हणजे कुजणे. दक्षिण कन्नड भागात याच रोगाला ‘महाळी’ म्हणतात. कॉफीवरील एका निराळ्या बुरशीरोगालाही ‘कोळेरोग’ म्हटले जाते, आणि त्या बुरशीच्या शास्त्रीय नावात १८७६ मध्येच हा शब्द शिरला. शेतकऱ्याने नाव लक्षणाला दिले होते, जंतूला नव्हे.

रोगाची ओळख

पावसाळा स्थिरावल्यावर कोवळ्या सुपारीच्या देठाजवळ गडद हिरवे, पाणी भरल्यासारखे डाग पडतात. डाग पसरून फळे गळतात व झाडाखाली त्यांचा सडा पडतो. उपाय न केल्यास अर्ध्याहून अधिक पीक जाऊ शकते आणि रोग शेंड्यात उतरला तर झाडच मरते. इ. जे. बटलर यांनी १९०६ मध्ये ताडवर्गीय झाडांच्या रोगांबरोबर याचे वर्णन केले. त्यानंतर म्हैसूर संस्थानाच्या सेवेत १९०८ मध्ये दाखल झालेले कॅनडाचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० मध्ये या रोगावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांनी वर्णिलेल्या प्रकाराला १९१३ मध्ये ‘फायटोफ्थोरा अरेकी’ या जातीचा दर्जा मिळाला. अलीकडच्या अभ्यासांत भारतातील कोळेरोगास मुख्यतः ‘फायटोफ्थोरा मिडी’ कारणीभूत असल्याचे आढळले आहे.

फायटोफ्थोरा हा रूढार्थाने बुरशी म्हणून ओळखला जात असला तरी आजच्या वर्गीकरणात तो खऱ्या बुरशींत मोडत नाही. तो तपकिरी शैवालांना अधिक जवळचा आहे. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत जातात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा जीव याच कुळातला. पावसाचा ताण पडला की कोळेरोग थांबतो आणि झड लागली की उसळतो, याचा उलगडा यातून होतो.

द्राक्षमळ्यातून पोफळीच्या शेंड्यावर

फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना फासण्याची पद्धत होती. हेतू एवढाच की वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत. अशा वेलींवर केवडा रोग कमी येतो हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्यांनी बोर्डो मिश्रणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. द्राक्षावरील केवडा आणि सुपारीवरील कोळेरोग यांचे कारक जीव एकाच गटातील आहेत, त्यामुळे द्राक्षाचे औषध पोफळीला लागू पडले. यात योगायोगाचाही वाटा आहे. पंचवीस वर्षांत हे मिश्रण मलनाडात पोहोचले.

तत्पूर्वी मलनाडातील बागायतदार पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घोसावर ‘कोट्टे’ नावाचे आच्छादन बांधत असत. पाणी फळाला लागू न देणे हे त्यामागील सूत्र होते. बीजाणू पोहतात हे ठाऊक नसताना शोधलेला हा उपाय शास्त्रदृष्ट्या अचूक होता. त्याला अडाणी म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही. आज घोसांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतात तेव्हा तेच सूत्र वापरले जाते.

मुसळधार पावसात फवारा टिकावा म्हणून मिश्रणात राळ आणि सोडा मिसळण्याची पद्धत आली. एक टक्का मिश्रणाचे प्रमाण सोपे आहे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही द्रावणे धातूच्या नसलेल्या भांड्यांत वेगवेगळी करून मग एकत्र करतात. त्यात विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजावे. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप साधून. विड्यात चुना आणि सुपारी एकत्र येतात त्याच्या कितीतरी आधी त्यांची गाठ बागेत पडलेली असते.

पुस्तिकांतून प्रमाण, वेळ आणि खर्च तपशिलाने येतात. फवारणारा मनुष्य मात्र क्वचितच येतो. पायांत दोरीचा फास घालून निसरड्या, शेवाळलेल्या खोडावर चढायचे, शेंड्याशी तोल सांभाळत घोस भिजवायचा आणि झाड वाकवून शेजारची पोफळ धरून तिच्यावर जायचे, हे कौशल्य कोणत्याही प्रयोगशाळेत निर्माण झालेले नाही. बोर्डो मिश्रणाचे यश हे या कौशल्यावर उभे होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

प्रतिकारक वाणाचा प्रश्न

महाराष्ट्रातच याच्या उलट उदाहरण सापडते. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात केनियातील गहू आणि स्थानिक निफाड वाण यांच्या संकरातून तांबेऱ्यास प्रतिकारक ‘केनफाड’ वाण निर्माण झाले. गव्हाची पिढी चार-पाच महिन्यांची. महाबळेश्वरच्या थंड हवेत बिगर हंगामातही पीक घेता येते. पोफळ मात्र फळावर येण्यास पाच ते सात वर्षे घेते. तिचे परागीभवन प्रामुख्याने परपरागी, कलमाने वाढ नाही, एका झाडाला लागणारी जागा मोठी. गहू पैदासकार ज्या काळात डझनभर पिढ्या पाहतो, त्या काळात पोफळीचा पैदासकार एखादीच पाहतो. प्रतिकारक वाणाचा अभाव हा संशोधकांच्या अनास्थेचा नव्हे, तर या कालमानाचा परिणाम मानावा लागतो.

कर्नाटकातील विट्टल येथे १९५६ मध्ये सुपारी संशोधन केंद्र स्थापन झाले व १९७० मध्ये ते केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेत समाविष्ट झाले. महाराष्ट्रात श्रीवर्धन येथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे. विट्टलने १९७२ मध्ये चीनमधून आणलेल्या वाणातून ‘मंगला’ दिला. तो लवकर फळणारा व अधिक उत्पन्नाचा होता, कोळेरोगमुक्त नव्हता. पुढील काळात पैदासकारांनी वेगळी दिशा धरली. हिरेहळ्ळी येथे सापडलेल्या नैसर्गिक बुटक्या पोफळीचा सुमंगला व मोहितनगर या उंच वाणांशी संकर करण्यात आला. रोगाला दाद न देणारे झाड मिळेना, तेव्हा फवारणाऱ्याच्या हाती येणारे झाड घडवण्याचा हा प्रयत्न होता. पैदासशास्त्राच्या इतिहासात ही कबुली महत्त्वाची आहे, कारण चढणारा मनुष्य येथे प्रथमच वाणाच्या गुणधर्मांत गणला गेला.

अर्थात, उभ्या बागांना याचा उपयोग नाही. पोफळ कित्येक दशके जगते. पंधरा-वीस मीटर उंचीची फळती झाडे तोडून बुटकी लावण्यास बागायतदार सहसा तयार होत नाही. संकरित बियाण्यासाठी बुटक्या मातृवृक्षावर हाताने परागीकरण करावे लागते, म्हणून रोपे मर्यादित. कर्नाटकात कार्बन फायबरच्या लांब काठ्यांनी जमिनीवरून फवारणी आणि काढणी होऊ लागली आहे. चढणारे हात कमी होत असल्याने कोकणातही तिच्याकडे लक्ष वेधले जात आहे. पण डोंगरउतारावरच्या दाट, मिश्र बागेत, नारळ आणि जायफळीच्या फांद्यांमधून ती काठी वर नेणे सपाट बागेइतके सोपे नाही. तेथे पहिल्या फवारणीसाठी मे अखेरीस चढणाऱ्या गड्याचीच वाट पाहावी लागते.